रिकामा नंबर भरायचा नाही

आमचे सर हजेरी घेताना सोळानंतर थांबायचे. सतरा नंबरचा मुलगा जुलैतच बँकेत चिकटला होता आणि एमएस्सीला रामराम ठोकून मोकळा झाला होता. दुसऱ्या कुठल्याही प्राध्यापकानं अठराला सतरा केलं असतं आणि पुढं सरकला असता. सर मात्र "सतरा" असं स्वच्छ म्हणायचे, चष्म्यावरून त्या रिकाम्या जागेकडं बघायचे आणि मगच "अठरा" म्हणायचे. एकदा मागच्या बाकावरच्या कुणीतरी गंमत म्हणून "हजर" म्हटलं. सरांनी पेन खाली ठेवलं. "जे आहेत ते आपापलं बघून घेतात," ते म्हणाले. "जो नाही त्याचाच नंबर सांभाळावा लागतो." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांना यात हसण्यासारखं काय आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही.

मी बावीस-अ. माझं ठरलेलं लग्न त्या उन्हाळ्यात मोडलं आणि त्या भानगडीत प्रवेशाची तारीख उलटून गेली, म्हणून मी वर्गात उशिरा आले. ऑफिसातल्या क्लार्कनं मला सगळ्यांत शेवटचा नंबर दिला. सरांना ते पटेना. यादी आडनावांप्रमाणं होती आणि माझं आडनाव बावीस आणि तेवीस यांच्यामध्ये पडत होतं. "हिची जागा इथं असताना ही शेवटी कशाला?" असं म्हणून त्यांनी मला मध्ये घातलं. आता तेवीसपासून पुढच्या सगळ्यांना एकेक घर सरकवणं आलं. क्लार्क ते करायला तयारही होता. सर म्हणाले, "त्यांचं काय चुकलं? त्यांनी जर्नलवर नंबर घातलेत, त्यांना तशी हाक मारायची सवय झालीय. ते राहतील आहेत तिथंच. ही बावीस-अ." लग्न मोडलेल्या मुलीला तेव्हा कोल्हापुरात लोक बरंच काही म्हणत. त्या मानानं बावीस-अ फारच बरं होतं. ते मला इतकं चिकटलं, की अलीकडं महाद्वार रोडवर एका टक्कल पडलेल्या गृहस्थानं भर गर्दीत मला तीच हाक मारली आणि त्याच्या बायकोनं माझ्याकडं संशयानं बघितलं.

मागच्या वर्षी परीक्षेत गचकलेले दोघं पुन्हा वर्गात येऊन बसत. त्यांची नावं हजेरीत नव्हती, पण सरांना नंबराशिवाय माणूस सहन होत नसे. ते आमच्या आधीचे, म्हणून त्यांना एकच्या आधीचे नंबर मिळाले: शून्य आणि उणे एक. उणे एक पुढं पोलीस खात्यात मोठा साहेब झाला. ही गोष्ट त्याच्या हाताखालच्या लोकांना कुणी सांगू नये.

सर दिसायला सडपातळ, उंच. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा आणि पायात करकर वाजणाऱ्या चपला. त्या चपलांमुळं ते व्हरांड्याच्या त्या टोकाला असतानाच वर्ग गप्प व्हायचा. पुढचा एक दात पडला होता, तो त्यांनी कधी बसवून घेतला नाही. घरी कपबशांच्या सेटला त्यांनी काकूंच्या नेलपॉलिशनं नंबर घातले होते. काकू म्हणजे सरांच्या पत्नी, भारदस्त, सावकाश बोलणाऱ्या आणि सरांना अजिबात न घाबरणाऱ्या. चौथा कप फुटला तेव्हा काकूंनी भांडीबाजारातून एक निळा कप आणला आणि त्यावर चार घालायला गेल्या. सरांनी हात धरला. "चार फुटला. हा तीन-अ." काकू आम्हाला चहा देताना म्हणायच्या, "माझं नशीब, लग्नात मला नंबर घातला नाही. नाहीतर मी फुटायचीच वाट बघत बसले असते हे."

कुणालाही हे सगळं खूळ वाटेल, आणि होतंच ते. पण हे खूळ सरांच्या विषयातून आलं होतं. ते प्रथिनांची रचना शिकवत. एक प्रथिन म्हणजे लांबच लांब मण्यांची माळ, ती स्वतःभोवती गुंडाळली जाऊन तिचा गोळा होतो. प्रत्येक मण्याला नंबर असतो. सरांचं लाडकं प्रथिन ट्रिप्सिन. खाल्लेलं मटण आतड्यात पचवायचं काम तेच करतं, त्यामुळं "या रेणूचं कोल्हापुरात देऊळ पाहिजे" असं सर दरवर्षी पहिल्या तासाला सांगायचे.

ट्रिप्सिनची गंमत अशी, की त्याच्या मण्यांचे नंबर त्याचे स्वतःचे नाहीत. त्याच्या एका चुलतभावाच्या मण्यांना विद्वानांनी आधी नंबर दिले होते. पुढं ट्रिप्सिन उलगडलं तेव्हा दोघांचा तोंडवळा एक निघाला. मग भावाचे नंबर याला लावले, म्हणजे त्याचा सत्तावन्नावा मणी आणि याचा सत्तावन्नावा मणी एकच काम करताहेत हे बघताक्षणी कळावं. पण भाऊ झाले तरी सगळंच सारखं कुठून असणार. जिथं ट्रिप्सिनमध्ये मणी कमी पडले तिथं नंबर गाळले. चौतीसनंतर एकदम सदतीस. जिथं जास्तीचा मणी निघाला तिथं एकशे चौऱ्याऐंशी-अ आला. आणि मुळात माळ सुरूच होते ती सोळापासून. आम्हाला हे डोक्यावरून जायचं. एकानं विचारलंच, "सर, सरळ एकपासून मोजलं तर काय बिघडतं?"

सरांनी उत्तरादाखल सगळ्या वर्गाला रविवारी घरी जेवायला बोलावलं.

मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी माजघरात पंगत बसली. सरांनी पानांना नंबर दिले आणि काकूंना बजावून ठेवलं, की सातव्या पानाला तांबडा रस्सा वाढायचा नाही, त्या पोराच्या पोटात अल्सर आहे, त्याला नुसता पांढरा. पंगत सुरू झाली आणि दोन मुलं उशिरा आली. ती जोतिबाला गेली होती. डोक्यावर गुलाल, तोंडावर अपराधी हसू. सरांनी तिसऱ्या आणि चौथ्या पानामध्ये दोन पाट सारून त्यांना तीन-अ आणि तीन-ब म्हणून बसवलं. जेवत्या माणसाला उठवायचं नाही, एवढा नियम सगळ्यांनाच माहीत होता. त्याखेरीज पाचवं पान रिकामंच होतं, त्या पानाचा मुलगा आलाच नव्हता, पण सरांनी तिथंही मीठ, लिंबू वाढायला लावलं.

काकूंनी आपल्या पद्धतीनं मोजलं. पहिल्या माणसापासून जेवणारी डोकी एक, दोन, तीन अशी सरळ मोजत त्या सातव्या डोक्यापाशी आल्या आणि त्याला नुसता पांढरा वाढला. तो पोरगा कागलचा, तांबड्यासाठी सकाळपासून उपाशी राहिलेला. सरांचं घर, तोंड उघडायची सोय नाही. तो पांढऱ्यात भाकरी बुडवत गोऱ्यामोऱ्या चेहऱ्यानं बसून राहिला. आणि त्याच्या शेजारच्याच पानावर अल्सरवाल्यानं तांबड्याचा पहिला भुरका मारला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

सर पंगतीच्या मधोमध उभे होते. हातात रश्श्याची पळी, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की जणू पोराच्या मुंजीला उभे आहेत. "बघितलंत? माणसं आहेत तिथंच आहेत. एकही हललेला नाही. फक्त मोजायची पद्धत बदलली आणि औषध भलत्याच्या पोटात गेलं. जगभर प्रयोगशाळांत हेच चाललंय." काकूंनी अल्सरवाल्याला दही-भात दिला आणि सरांना म्हणाल्या, "पोरगं मेलं असतं म्हणजे तुमचं शिकवून झालं असतं." पण त्या दिवसानंतर वर्गात एकानंही एकपासून मोजायची गोष्ट काढली नाही.

एमएस्सी झाल्यावर सरांनी मला विभागातच तात्पुरत्या जागेवर घेतलं. दरवर्षी एप्रिलमध्ये जागा संपायची आणि जूनमध्ये पुन्हा उगवायची. घरी वडील निवृत्त शिक्षक, आई कायम काळजीत, आणि एक आत्या, जिच्या पिशवीत नेहमी कुठल्या ना कुठल्या मुलाचा फोटो असायचा. माझी नोकरी चालू आहे तोवर ती पिशवी मिटलेली राहायची. मला पगाराची हाव होती असं नाही. मला कांदेपोह्यांचा ट्रे हातात धरून पुन्हा लोकांसमोर उभं राहायचं नव्हतं, आणि ती नोकरी एवढंच माझ्या आणि त्या ट्रेच्या मध्ये होतं.

सर निवृत्त व्हायच्या वर्षी मुंबईहून तिघांची समिती येणार असं कळलं. सरांनंतर त्यांचा विषय चालू ठेवायचा का, आणि माझी जागा कायम करायची का, हे ती ठरवणार होती. समितीला काहीतरी दाखवणं भाग होतं. सर म्हणाले, "ट्रिप्सिन दाखवू. काँप्युटरवर. फिरतं." तेव्हा आमच्या विभागात एक टाईपरायटर होता आणि त्याचा 'क' अडकायचा.

प्रोग्रॅम मी लिहायला घेतला. मण्यांच्या जागा सरांच्या परदेशातल्या एका मित्रानं छापील पाठवल्या होत्या. त्या भरायच्या, मणी रेघेनं जोडायचे आणि गोळा फिरवून दाखवायचा. अडलं ते एकशे चौऱ्याऐंशी-अपाशी. मशीनला नंबर म्हणजे आकडा हवा होता. 'अ' दिसला की ते बंद पडायचं. मी वैतागून सरांना म्हटलं, "आपण सरळ एकपासून नंबर देऊ या. चित्र तेच येणार." सर माझ्याकडं असे बघायला लागले, की जणू मी त्यांना धर्म बदलायला सांगतेय. "मशीनला कळत नाही म्हणून रेणूनं नाव बदलायचं? उद्या मशीन म्हणेल तुझं आडनाव फार लांब आहे. बदलशील?" आडनाव बदलायचा विषय माझ्यापुढं काढायला नको होता हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं आणि ते कानकोंडे होऊन खिडकीतून बाहेर बघायला लागले. पण मला त्या बोलण्यातच वाट सापडली. तो नंबर आकडा नव्हताच. ते नाव होतं. नावांची कुणी बेरीज करत नाही आणि नावं सलग असावीत असाही कुणाचा आग्रह नसतो. मी मशीनला ते नंबर नावासारखे घ्यायला लावले आणि एकशे चौऱ्याऐंशी-अ निमूट आत गेला.

युनिव्हर्सिटीचा काँप्युटर परीक्षेच्या निकालांत गुंतलेला असायचा आणि त्याच्यावर चित्र येत नसे. सरांचा एक जुना विद्यार्थी कबनूरजवळच्या एका सूतगिरणीत मॅनेजर होता. गिरणीनं कामगारांच्या पगारासाठी नवा काँप्युटर घेतला होता. रविवारी तो मोकळा असायचा. मग आम्ही दोघं रविवारी सकाळी इचलकरंजीच्या बसनं जायला लागलो.

काँप्युटरची खोली थंडगार, दाराबाहेर चपला काढायच्या. मशीनला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. त्याचा पुजारी म्हणजे आण्णाप्पा, गिरणीचा ऑपरेटर, तिशीचा, इस्त्रीच्या बुशशर्टातला माणूस. सरांना तो सरच म्हणायचा आणि मला अक्का. सर नंबर आणि जागा वाचून दाखवायचे, आण्णाप्पा बोटं चालवायचा आणि मी पडद्यावर तपासायची.

"सोळा," सरांनी सुरुवात केली.

"आन पयलं पंधरा?" आण्णाप्पाची बोटं थांबली.

"नाहीत."

"संपावर गेल्यात व्हय?"

सर खुलले. "तसंच समज. पुढं चल." चौतीसपर्यंत गाडी नीट आली. "आता पस्तीस नाही, छत्तीस नाही. सदतीस."

आण्णाप्पानं हात मांडीवर ठेवले. "सर, असं करू नका. आमच्यात बिल्ला नंबर मोकळा ठेवत न्हाईत. कामगार गेला की त्येचा नंबर दुसऱ्याला. मोकळा ठिवला की त्या नावावर कोणतरी पगार उचलतंय असं ऑडिटवाला म्हणतोय."

"इथं पगार नाही आण्णाप्पा."

"तरीबी की. मोकळा नंबर म्हंजी भानगड."

एकशे चौऱ्याऐंशी-अ आला तेव्हा तर तो उठून उभाच राहिला. एका बिल्ल्यावर दोन माणसं त्यानं आयुष्यात बघितली नव्हती. त्यात आमच्या यादीत हा 'अ' साध्या एकशे चौऱ्याऐंशीच्या आधी येत होता. "आन ह्यो अ आधी कसा?" त्यानं विचारलं. सर म्हणाले, "तुमच्यात धाकटं पोर आधी जेवायला बसतं का नाही?" आण्णाप्पा जरा विचार करून म्हणाला, "व्हय, बसतंय की," आणि बसला.

सगळं भरून झालं त्या रविवारी आम्ही चित्र काढलं. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांचा गुंता सावकाश फिरायला लागला. मी शेवटी एक सोय केली होती. एक बटण दाबलं, की सत्तावन्न, एकशे दोन आणि एकशे पंच्याण्णव या तीन मण्यांवर चांदण्या उमटायच्या. ट्रिप्सिनचं पचवायचं काम हेच तिघं करतात. माळेत ते एकमेकांपासून कितीतरी लांब, पण माळ गुंडाळली की बरोबर एकत्र येतात. मी बटण दाबलं आणि तिन्ही चांदण्या गोळ्यात जवळजवळ उमटल्या. "चुलीभवती बसल्यात तिघं," आण्णाप्पा म्हणाला. सरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला, घातला, आणि पुन्हा काढून पुसला. इतकी वर्षं जे खडूनं फळ्यावर दाखवत होते ते त्यांनी पहिल्यांदा बघितलं.

समिती थेट गिरणीत आली ती दोन मोटारी घेऊन. अध्यक्ष सफारीतले, भरदार, आणि जेवायच्या आधी जोतिबाचं दर्शन उरकायच्या घाईत. त्यांच्या हातातल्या फाइलमध्ये सही व्हायचा आमचा कागद होता आणि खिशात सोनेरी टोपणाचं पेन. आण्णाप्पानं खोली लखलखीत केली होती. खुर्च्यांना अभ्रे, मशीनला ताजा हार, उदबत्ती. सरांनी छोटंसं भाषण केलं. रेघांचा गोळा फिरला. अध्यक्षांनी "अरे वा" म्हटलं. मी बटण दाबलं.

तीन चांदण्या उमटल्या. एक वरच्या टोकाला, एक खाली कडेला, एक पार मागं.

मी बटण पुन्हा दाबलं, चांदण्या तिथंच. अध्यक्ष मात्र पुढं झुकले. "छान. तिन्ही टोकांना तीन खुणा. म्हणजे रेणू केवढा पसरलाय ते लगेच ध्यानात येतं. काय सर?"

मी सरांकडं बघितलं. या माणसानं एसटीच्या कंडक्टरला तिकिटाच्या नंबरावरून, भटजींना आवर्तनांच्या मोजणीवरून आणि एका मंत्र्याला भर सभेत भाषणातल्या आकड्यावरून थांबवलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. आता ते काय करणार या कल्पनेनंच मी मान खाली घातली. सर म्हणाले, "हो. बराच पसरलाय."

मला वाटलं त्यांना दिसलं नसेल. मग मी त्यांचे डोळे बघितले. त्यांना स्वच्छ दिसलं होतं. ते पडद्याकडं बघत नव्हते, अध्यक्षांच्या खिशाकडं बघत होते, जिथनं पेन बाहेर येत होतं. मग त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. हा माणूस माझ्यासाठी खोटं बोलत होता. ते त्यांना येतही नव्हतं. कपाळावर त्या थंड खोलीत घाम आला होता आणि ओठ असे आवळले होते, की जणू दाढ दुखतेय. मला रडू येईल असं वाटलं. एवढं माझ्यासाठी कधी कुणी केलं नव्हतं, आणि ते मला अजिबात बघवेना.

"चुकलंय," मी म्हटलं.

सरांच्या अनवाणी पायाचा अंगठा माझ्या पायावर येऊन दाबला गेला. "गप बस," ते ओठ न हलवता म्हणाले.

"काय चुकलंय?" अध्यक्षांनी टोपण काढलेलं पेन तसंच धरून विचारलं.

"चांदण्या चुकल्यात. त्या तिघी जवळ यायला पाहिजेत. नंबर कुणीतरी बदललेत."

सरांनी डोळे मिटून घेतले. आण्णाप्पा मात्र पुढं आला, चेहरा अभिमानानं फुललेला. "मीच नीट केल्यात साहेब. तुम्ही येणार म्हटल्यावर काल समदी यादी साफ केली. मोकळं नंबर भरून घेतलं. एका नंबरावर दोघं होती, त्येना येगळं नंबर दिलं. आता एकपासनं सलग हाय, एक बी भानगड न्हाय."

अध्यक्षांनी मान डोलावली. "बरोबरच केलंय की यानं. चित्र तर तेच आहे. नंबर कुठलेही द्या, काय फरक पडतो?"

हे सरांना सोसण्यासारखं नव्हतं. माझ्यासाठी त्यांनी चुकीचं चित्र गिळलं होतं, पण हे वाक्य गिळता येईना. ते उभे राहिले. म्हणाले, "फरक सांगतो," आणि मग त्यांना कुणी आवरू शकलं नाही. चुलतभाऊ आला, पंगत आली, अल्सर आला. समितीतले दुसरे सदस्य घड्याळ बघायला लागले, तिसरे खुर्चीवर पेंगले, अध्यक्षांनी पेनाला टोपण घातलं. सर तांबड्या रश्श्यापर्यंत पोचले तेव्हा अध्यक्षांनी उठून हात जोडले आणि म्हणाले, "सर, रश्श्याचं म्हणाल तर आम्हाला अजून जोतिबा करून यायचंय." दोन मोटारी धूळ उडवत निघून गेल्या.

मग आम्ही छापील यादी काढली आणि पुन्हा सगळे नंबर होते तसे केले. सर वाचत होते, आण्णाप्पा मान वर न करता भरत होता. पस्तीस नाही म्हटल्यावर त्यानं या वेळी काही विचारलं नाही. चांदण्या पुन्हा जवळ आल्या. बघायला आम्ही तिघंच. "माझ्यामुळं घात झाला, सर," आण्णाप्पा म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पाहुणे येणार म्हणून माणूस घर आवरतो. तू आमचं घर आवरलंस. आवरायच्या आधी विचारायचं, एवढंच." रंकाळ्याला बसमधून उतरताना सर फक्त छत्री विसरू नको म्हणाले.

निकाल मेमध्ये आला. विषय बंद. माझी जागा जूनमध्ये उगवणार नव्हती. त्याच आठवड्यात आत्या पिशवी घेऊन हजर झाली आणि आईनं पोहे भिजत घातले.

सर दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात. भर मे महिन्यात अंगात काळा कोट. मी त्यांना कोटात कधी बघितलं नव्हतं. "चल," ते म्हणाले. कुठं ते सांगितलं नाही. त्यांनी आयुष्यात कुणाकडं कशासाठी शब्द टाकला नव्हता, स्वतःच्या मुलासाठीही नाही, त्यावरून काकूंशी त्यांचं भांडण सगळ्या पेठेला माहीत होतं. आता ते मला घेऊन जिल्ह्यातली एकेक कॉलेजं फिरायला लागले. दोन ठिकाणी नकार आला. तिसरं कॉलेज तालुक्याच्या गावी, माळावर, पत्र्याच्या छपराचं. मला बाहेर बाकावर बसवून ते प्राचार्यांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं.

"मुलगी कशी आहे?" प्राचार्यांनी विचारलं.

"विषय येतो. काँप्युटर येतो. शिकवते बरं." सर थांबले. "पण एक खोड आहे, ती आधी सांगितलेली बरी. चूक दिसली की बोलते. समोर साहेब बसलेले असले, हातात पेन असलं, स्वतःच्या पोटावर पाय येत असला, तरी बोलते. मी पाय दाबला तरी ऐकलं नाही."

प्राचार्यांनी समोरची फाइल मिटली.

"सर, ही शिफारस म्हणायची का तक्रार?"

"ते मला अजून ठरवता येत नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला, मला पुढं झुकून ऐकावं लागलं. "त्या दिवशी मी गप्प बसलो होतो. हिची नोकरी जाऊ नये म्हणून. जन्मात पहिल्यांदा. आणि हिनं मला तसं बसू दिलं नाही."

सर बाहेर आले तेव्हा कोट काढून हातावर घेतला होता आणि सदरा घामानं पाठीला चिकटला होता. "जूनपासून ये म्हणालेत," ते म्हणाले आणि तरातरा फाटकाकडं चालायला लागले. चपला करकरत होत्या. मी मागून जवळजवळ पळत होते. फाटकापाशी ते थांबले, वळले आणि दोन्ही डोळे वटारून म्हणाले, "आणि हे बघ, इथं तरी जरा गप बसायला शीक."

मी बरं म्हटलं. त्यांना ते खरं वाटलं नाही आणि त्यांच्या तोंडावरचं हसू काही केल्या लपेना.